श्वासाचे किती, नावाचे किती? स्कूबाच्या महागड्या सामानाचा हिशेब

दिवाळीचे पोहे खायला बहिणीकडे फोंड्याला गेलो, तर भाच्यानं ताटाशेजारी एक कागद आणून ठेवला. नुकताच त्याचा स्कूबाचा, पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरण्याचा, ओपन वॉटर नावाचा पहिला कोर्स झाला होता, म्हणजे जोडीदाराबरोबर अठरा मीटरपर्यंत उतरायची मुभा मिळाली होती. कागदावर यादी: टाकीतली हवा तोंडाशी आणणारा रेग्युलेटर, बीसीडी नावाचं जाकीट, डाइव्ह कॉम्प्युटर, मास्क, फिन्स, वेटसूट. प्रत्येकापुढे वरच्या ब्रँडचं वरचं मॉडेल आणि खाली बेरीज. दोन लाख ऐंशी हजार.

“मामा, पाण्याखाली जिवाचा प्रश्न असतो. म्हणून म्हटलं, घ्यायचं तर चांगलंच घेऊ.”

बहिणीनं माझ्याकडे बघितलं. पोराला पाण्याचा नाद मी लावला, तेव्हा ती बेरीजही माझ्याच नावावर मांडली गेली होती.

हा प्रश्न आता एकट्या भाच्याचा राहिलेला नाही. गोव्याच्या ग्रांद बेटाकडे, म्हणजे बोर्डांवर लिहितात त्या ग्रँड आयलंडकडे, हंगामात रोज बोटी भरून माणसं जातात. त्यातली बहुतेक फोटो काढून परत येतात, पण थोडी अडकतात आणि कोर्स करतात. शेजारी सिंधुदुर्गात तारकर्लीला प्रशिक्षण केंद्र आहे. नौदलातून २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ निवतीजवळ समुद्राच्या तळाशी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय करायचा प्रकल्प जाहीर झाल्यापासून तर आमच्याकडच्या पोरांच्या डोक्यात बुडालेली जहाजंच आहेत. कोर्स झाला की पुढची पायरी दुकान, आणि दुकानात एकाच कामाच्या दोन वस्तूंच्या किमतीत चौपट फरक.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्या पाण्यात मधल्या किमतीच्या रेग्युलेटरपलीकडे जे पैसे जातात, ते बहुतेक नावाचे आणि हौसेचे. पण “सगळं सारखंच असतं” हेही खरं नाही. कुठे सारखं आणि कुठे नाही, हे कळायला आधी हवा तोंडापर्यंत येते कशी, ते बघावं लागेल.

टाकीतून तोंडापर्यंत

स्वयंपाकघरातल्या सिलिंडरवर रेग्युलेटर असतो. आतला दाब उतरवून शेगडीला सोसेल एवढाच गॅस तो पुढे सोडतो. स्कूबाचा रेग्युलेटर त्याचाच चुलतभाऊ, आणि ही नुसती उपमा नाही. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये नौदल अधिकारी जॅक कुस्तो आणि इंजिनिअर एमिल गान्याँ यांनी आजच्या रेग्युलेटरचा पूर्वज तयार केला. युद्धामुळे पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारी गॅसवर चालवण्यासाठी गान्याँनं एक व्हॉल्व्ह केला होता. त्यातच फेरफार करून त्यांनी तो माणसाच्या तोंडाला लावला.

डायव्हिंगची टाकी पूर्ण भरली की आत सुमारे २०० बार दाब असतो. बार म्हणजे समुद्रकाठी आपल्या अंगावर हवेचा जो दाब असतो, साधारण तेवढा दाब. स्कूटरच्या टायरमध्ये दोनेक बार भरतात, म्हणजे ही टाकी त्याच्या शंभरपट ताणलेली. टाकीच्या तोंडावर धातूचा एक मुठीएवढा गोळा बसतो, तो फर्स्ट स्टेज. भोवतालच्या पाण्याचा दाब जेवढा असेल त्यापेक्षा नऊ-दहा बार जास्त, इथपर्यंत तो टाकीचा दाब खाली आणतो. तिथून नळी निघते ती तोंडात धरायच्या डबीपर्यंत, म्हणजे सेकंड स्टेजपर्यंत. ती उरलेला दाब उतरवते आणि तुम्ही श्वास ओढाल तेव्हाच, ओढाल तेवढीच हवा देते.

आता पाण्याचा हिशेब. दर दहा मीटर खोलीला एक बार दाब वाढतो. वरचा हवेचा एक धरून पंधरा मीटरवर अडीच बार होतात. तिथे एका श्वासात टाकीतून वरच्यापेक्षा अडीचपट हवा जाते. शिवाय ती हवा दाट असते. पातळ कढी आणि घट्ट पिठलं एकाच नळीतून ओढून बघा, म्हणजे खोलवर श्वास जड का होतो ते कळेल.

बहुतेक रेग्युलेटरांची रचनाच अशी असते की बिघाड झाला तर हवा बंद होत नाही, सुटून वाहत राहते. वॉशर गेलेला नळ जसा गळतो तसंच. टाकी लवकर रिकामी होते, म्हणून ताबडतोब वर यावं लागतं. पण तेवढ्या वेळेपुरती हवा तोंडाशी असते. स्वस्त मॉडेल ऐन वेळी घसा बंद करेल, ही नवख्यांच्या मनातली भीती बरीचशी अस्थानी आहे.

शिक्का काय सांगतो

हेल्मेट घेताना आपण आयएसआयचा शिक्का बघतो. रेग्युलेटरच्या बाबतीत तसा शिक्का म्हणजे ईएन २५० हे युरोपीय मानक. त्याची परीक्षा माणसावर नाही, श्वास घेणाऱ्या यंत्रावर होते. पन्नास मीटर खोलीएवढा दाब, टाकीत फक्त ५० बार उरलेले, आणि यंत्र मिनिटाला ६२.५ लिटर हवा ओढतं आहे. एवढ्यातही श्वास ओढायला-सोडायला लागणारी मेहनत ठरलेल्या मर्यादेत राहिली, तरच पास.

हे आकडे आपल्या पाण्यात आणून बघू. शांतपणे पोहणारा माणूस मिनिटाला वीसेक लिटर हवा घेतो. ग्रांद बेटाच्या आसपास आपण फार तर पंधरा मीटरवर असतो. वीस गुणिले अडीच, म्हणजे रेग्युलेटरला मिनिटाला पन्नास लिटर पुरवायचे आहेत. परीक्षेत त्यानं किती पुरवले? पन्नास मीटरवर दाब सहा बार, म्हणून ६२.५ गुणिले सहा: ३७५ लिटर. आपल्या मागणीच्या साडेसातपट.

बरं, घाबरलात आणि धापा टाकायला लागलात, तर? समजा मिनिटाला साठ लिटर. पंधरा मीटरवर १५० होतील. जोडीदाराची हवा संपली, तो तुमच्याकडच्या, जोडीदारासाठीच ठेवलेल्या दुसऱ्या डबीवर आला आणि तोही तेवढ्याच धापा टाकतोय असं धरलं, तरी ३००. ढोबळ हिशेब आहे, पण सांगायचं ते सांगतो: हे मानक पास झालेला मध्यम किमतीचा रेग्युलेटर आपल्या किनाऱ्यावर कधी घामाघूम होत नाही. पणजीच्या पाटो पुलावर संध्याकाळी सहाला ॲक्टिव्हा आणि सुपरबाइक एकाच वेगानं जातात, तसाच हा प्रकार.

मग जास्तीचे पैसे जातात कुठे?

काही पैसे खरोखर कामात जातात. पहिलं काम म्हणजे बॅलन्सिंग. इमारतीच्या गच्चीवरची टाकी रिकामी होत आली की वरच्या मजल्याच्या नळाची धार बारीक होते. साध्या, बॅलन्स नसलेल्या फर्स्ट स्टेजचं तसंच असतं: टाकी संपत आली की श्वास किंचित जड लागायला लागतो. बॅलन्स असलेल्या रेग्युलेटरमध्ये धार शेवटपर्यंत सारखी राहते. पंचवीस-तीस मीटरवर, दाट हवेत, हा फरक जाणवतो आणि त्याचे पैसे द्यावेत. बारा मीटरवर तो शोधावा लागतो. स्कूबाप्रोचा एमके टू हा साधा, बॅलन्स नसलेला पिस्टन फर्स्ट स्टेज जगभरच्या डायव्हिंग शाळांत वर्षानुवर्षं मार खातोय आणि चालतोय. त्यात हलणारे भाग कमी, बिघडायला जागा कमी.

दुसरं काम थंडीचं. दाब झपाट्यानं उतरला की हवा गार पडते. युरोपातल्या तळ्यांत चार-पाच अंशाच्या पाण्यात त्यामुळे रेग्युलेटरच्या आत बर्फ धरतो. तो धरू नये म्हणून स्प्रिंगच्या कप्प्यात पाणी शिरणार नाही अशी बंदिस्त रचना करतात. दहा अंशाखालचं पाणी हे थंड पाणी धरतात. आपल्याकडे हंगामात पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंश. स्वीडनच्या डायव्हरला जे जीवनावश्यक, ते आपल्याला पंख्याच्या खोलीत लोकरी कानटोपी. फक्त एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करतो: तो बंदिस्त कप्पा बर्फाबरोबर गाळ आणि मीठही बाहेर ठेवतो, आणि मांडवी-झुवारीच्या तोंडाशी गाळाला तोटा नाही.

मग टायटॅनियम. गंजत नाही, हलकं असतं, विमानानं फिरणाऱ्याच्या बॅगेला सोसतं. किंमत ऐकून मात्र आपण हलके होतो. शिवाय ऑक्सिजनचं प्रमाण खूप वाढवलेल्या मिश्रणांसाठी, चाळीस टक्क्यांच्या वर, टायटॅनियमचा फर्स्ट स्टेज वापरू नये असं सांगतात. क्रोमचा मुलामा दिलेलं पितळ हे काम कित्येक दशकं करत आलंय.

उरलेले पैसे? श्वासाची ओढ कमी-जास्त करायचा खटका, फिरणारी नळी, तोंडात धरायचं मऊ रबर, चकाकी, बोटीवर शेजारच्यानं विचारलं की सांगायला एक नाव. यात वाईट काही नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण ती हौस म्हणून घ्यावी, सुरक्षितता म्हणून नव्हे.

“पण जिवाचा प्रश्न आहे ना?”

भाच्याचा हाच मुद्दा होता आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. म्हणून माणसं पाण्याखाली कशानं दगावतात, ते बघितलं पाहिजे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९९२ ते २००३ या काळातले हौशी डायव्हरांचे ९४७ मृत्यू तपासले होते. त्यातल्या ३४६ प्रकरणांत ‘सुरुवात कशापासून झाली’ हे ठरवता आलं. ४१ टक्क्यांत हवा संपत आली होती. २० टक्क्यांत माणूस कुठेतरी अडकला. १५ टक्क्यांत सामानाची अडचण.

पंधरा टक्के म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. पण हवा संपणं हा आकडा त्याच्या पावणेतीनपट आहे, आणि हवा संपण्यावर महागडा रेग्युलेटर हा इलाजच नाही. इलाज फुकट आहे: दर काही मिनिटांनी टाकीतला दाब दाखवणारं गेज बघणं. साध्या ॲल्युमिनियमच्या टाकीत अकरा लिटर जागा असते. २०० बारला ती २२०० लिटर हवा धरते. पंधरा मीटरवर मिनिटाला पन्नास गेले, तर ४४ मिनिटांत खडखडाट. ५० बार राखीव ठेवायचे म्हणजे खरी वेळ ३३ मिनिटं. नवखा माणूस हातपाय झाडतो, जास्त श्वास घेतो, त्याची वीसातच संपते. दोन लाखांतले तीस हजार रेग्युलेटरऐवजी तरंगण्याचा तोल शिकवणाऱ्या पुढच्या कोर्सवर आणि दहा-बारा डाइव्हवर घातले, तर ती तेहेतीस मिनिटं चाळिसापर्यंत जातात. हे सगळं मी बहिणीसमोर सांगितलं. तिला आकडे पटले, खेळ नाही पटला.

मीठ, पाऊस आणि माझा शहाणपणा

आता माझीच गोष्ट. काही वर्षांपूर्वी मीही वरच्या ब्रँडचा, बंदिस्त कप्प्याचा, बॅलन्स असलेला रेग्युलेटर घेतला होता. आखातातून परतणाऱ्या ओळखीच्यानं आणून दिला. एक हंगाम राजासारखा वापरला. मे महिन्यातल्या शेवटच्या डाइव्हनंतर घरी येऊन बादलीत बुडवून ठेवला, निथळला, पिशवीत घालून कपाटात ठेवून दिला. मग पाऊस.

गोव्यातला पाऊस सामानाला काय करतो ते समुद्रकाठच्या माणसाला सांगायला नको. वास्कोत खिडकीच्या बिजागऱ्या दोन पावसाळ्यांत लाल होतात, चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी धरते. मासेमारीची बंदी ३१ जुलैला उठते, पण डायव्हिंगच्या बोटी बहुतेक ऑक्टोबरपर्यंत धक्क्यालाच. म्हणजे चार-पाच महिने सामान अंधारात, दमट कपाटात. ऑक्टोबरात काढलं तर पहिल्याच श्वासाला घरघर, आणि डबीतून हवा सारखी गळतेय.

नौदलातून निवृत्त झालेले एक जण घराच्या पडवीत हे काम करायचे, त्यांच्याकडे नेलं. त्यांनी स्टुलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं, बारीक पकडीनं फर्स्ट स्टेजच्या तोंडातली गोल कडी काढली आणि आतली एक चकती चिमटीत धरून माझ्यापुढे केली. नखाएवढी असते ती. धातूचे कण दाबून केलेली चाळणी, जिच्यातून टाकीतली सगळी हवा जाते. नवी असताना चकचकीत. माझी हिरवी होती, तांब्याच्या भांड्याला कळंक चढतो तशी. कागदावर टिचकी मारली तर पांढरे बारीक खडे पडले.

“हें कितें, पात्रांव?” त्यांनी विचारलं. मी गप्प. फर्स्ट स्टेजच्या तोंडाला एक टोपण असतं. धुताना ते घट्ट बसवलेलं असावं लागतं, नाहीतर बादलीतलं खारट झालेलं पाणी थेट आत जातं. मी ते लावलं नव्हतं. बंदिस्त कप्पा, बॅलन्सिंग, सगळं आपापल्या जागी ठीक होतं. समोरचा दरवाजा मीच उघडा टाकला होता.

खरी गंमत पुढे. दुरुस्ती म्हणजे आतले रबराचे गोल, ज्यांना ओ-रिंग म्हणतात, आणि काही बारीक भाग बदलायचे. कुकरची रिंग बदलतो तसंच. कुकर कुठल्याही कंपनीचा असो, रिंग कडक झाली की वाफ जाणारच. पण माझ्या मॉडेलचे भाग परदेशातून मागवावे लागणार होते. ते आले डिसेंबरात. साध्या, शाळांमध्ये वापरतात त्या मॉडेलांचे भाग त्यांच्या ड्रॉवरमध्ये बिस्किटाच्या डब्यात पडून होते. हंगामाचा अख्खा पूर्वार्ध मी भाड्याच्या रेग्युलेटरवर काढला, आणि सांगायला हरकत नाही, पाण्याखाली मला फरक कळला नाही.

तेव्हापासून कुणी ब्रँड विचारला की मी उलट विचारतो: याचे भाग कुठे मिळतात आणि तो उघडायला कुणाला येतो? वर्षातून एकदा किंवा शंभरेक डाइव्हनंतर तपासणी, हा सर्वसाधारण दंडक. काही कंपन्या दोन वर्षांची मुदत देतात. मोठ्या नावांच्या बाजूनं हा एकच मुद्दा मला वजनदार वाटतो: त्यांचे अधिकृत दुरुस्तीवाले देशात कुठेतरी असतात आणि दहा वर्षांपूर्वीच्या मॉडेलचे भागही मिळतात. मात्र त्याच नावाचं खालचं मॉडेल घेतलं, तरी हा फायदा पदरात पडतोच. घ्यायचंच तर नाव मोठं आणि मॉडेल साधं, असा माझा कल आहे.

कॉम्प्युटर आणि चेपणीची तोरं

डाइव्ह कॉम्प्युटर म्हणजे मनगटावरचं घड्याळ, जे खोली आणि वेळ मोजून सांगतं की अजून किती मिनिटं खाली राहिलात तरी थांबे न घेता वर येता येईल. तो काय मोजतो हे समजायला आपल्या घरातलं उदाहरण घ्या. चेपणीची तोरं करताना कोवळ्या कैऱ्यांना मीठ लावतात आणि वर दगडाचं वजन ठेवतात. जेवढं वजन जास्त आणि दिवस जास्त, तेवढं मीठ आत मुरतं. पाण्याच्या दाबाखाली हवेतला नायट्रोजन आपल्या अंगात तसाच मुरतो. आणि तोरं खाताना खारट लागली तर पाण्यात टाकून ठेवावी लागतात, मीठ हळूहळूच सुटतं. नायट्रोजनचंही तेच; घाईनं वर आलात तर तो अंगात बुडबुडे करून सुटतो आणि माणूस जायबंदी होतो.

झुरिकचे डॉक्टर आल्बर्ट ब्यूलमान यांनी यासाठी शरीराचे सोळा काल्पनिक भाग मानले. सोळा वेगवेगळ्या आकाराची तोरं समजा: बारीक लगेच मुरतात, मोठी सावकाश. हे गणित त्यांनी उघड प्रसिद्ध केलं, आणि आज कितीतरी स्वस्त आणि महाग कॉम्प्युटर त्याच गणितावर चालतात. तेव्हा जास्त पैसे देऊन अंगातला नायट्रोजन जास्त अचूक मोजला जात नाही. पैसे मिळवून देतात रंगीत ठळक पडदा, टाकीतला दाब मनगटावर दाखवायची सोय, गणित आपल्याला हवं तेवढं कडक करायची मुभा.

ठळक पडद्याचं महत्त्व मी कमी लेखणार नाही. आपल्याकडे काही दिवस हात लांब केला तर बोटं धूसर दिसतात. पण गोव्यापुरतं बघाल, तर पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात बारा मीटरला १४७ मिनिटं आणि अठरा मीटरला ५६ मिनिटं मुभा आहे. तुमची हवा त्याच्या कितीतरी आधी संपते. तीस मीटरला मात्र मुभा फक्त २० मिनिटं. कर्नाटकातल्या मुर्डेश्वरहून नेत्राणी बेटाला, लक्षद्वीपला, अंदमानला जायला लागलात की कॉम्प्युटर खरा कामाला लागतो. साधा घ्या, पण स्वतःचा घ्या. दिवसभरात तुमच्या अंगात किती मुरलंय, हे दुसऱ्याच्या मनगटावरून कळत नाही.

मास्क पहिला, बाकी नंतर

पहिली खरेदी मास्कची. इथे किंमत जवळपास बिनकामाची आहे, चेहरा महत्त्वाचा. पट्टा न लावता मास्क तोंडावर टेकवा आणि नाकानं हलका श्वास आत ओढा. हात सोडल्यावर तो तसाच चिकटून राहिला तर तो तुमचा. मिशी असेल तर थोडं जमवून घ्यावं लागतं. काच टेम्पर्ड आणि कडा सिलिकॉनची, बस. नव्या काचेवर कारखान्यातला थर असतो, त्यामुळे ती सारखी धुरकटते. पांढऱ्या टूथपेस्टनं आतून दोन-तीनदा घासली की जातो. काचेला धुकं न धरणारा खास लेप असेल तर मात्र घासू नका. (भाच्यानं लगेच विचारलं, टूथपेस्ट कुठल्या कंपनीची? यादीचं दुखणं कुठलं ते मला तेव्हा कळलं.)

फिन्स पायाला चावू नयेत. वेटसूट आपल्या पाण्यात तीन मिलिमीटरचा पुरतो, तोही जेलीफिश आणि कातळावरच्या शिंपल्यांपासून कातडी वाचावी म्हणून. बीसीडी म्हणजे हवा भरून तोल सांभाळायचं जाकीट. ते बरीच वर्षं टिकतं, घाई नको, आधी भाड्याची दोन-चार प्रकारची घालून बघा.

“मग नेटवरचं स्वस्तातलं कुठलंही चालेल?”

नाही. ईएन २५० चा शिक्का नाही, भाग मिळण्याचा पत्ता नाही, असा रेग्युलेटर फुकट मिळाला तरी घेऊ नका. मोठ्या नावांची नक्कलही विकली जाते.

आणि ती छोटी टाकी. हातपंपानं भरता येते, कोर्सची गरज नाही, अशी जाहिरात सगळ्यांच्या मोबाइलवर आलेली असेल. अर्ध्या लिटरची टाकी २०० बारला भरली, तर आत शंभर लिटर हवा. दहा मीटरवर मिनिटाला चाळीस लिटर लागतात, म्हणजे अडीच मिनिटं. पैशाचं सोडा, धोका वेगळाच आहे. खालच्या दाबाची हवा छातीत भरून, श्वास रोखून माणूस वर आला, तर ती हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. दहा मीटरवरून वर येताना ती दुप्पट होते. श्वास कधीही रोखायचा नाही, हा कोर्समधला पहिला धडा, आणि ही टाकी विकली जाते नेमकी तो धडा न घेतलेल्याला.

सेकंडहँड रेग्युलेटर घ्यायला माझी हरकत नाही, फक्त किमतीत पूर्ण सर्व्हिसिंगचा खर्च आधीच मिळवा आणि ती चाळणी डोळ्यांनी बघा. हिरवी दिसली तर घासाघीस करू नका, उठून या.

यादीचं काय झालं

भाचा वर्षातून दहा-बारा वेळा उतरेल, त्याहून जास्त नाही. नोकरी आहे, पाऊस आहे. स्वतःच्या रेग्युलेटरची वर्षाची तपासणी बारा डाइव्हवर वाटली, तर निव्वळ देखभालच भाड्याच्या जवळपास जाते. म्हणून त्यानं मास्क, साधा कॉम्प्युटर आणि फिन्स घेतले. रेग्युलेटर पुढच्या वर्षी, नेत्राणीच्या दोन फेऱ्या झाल्यावर ठरवायचं. दोन लाख ऐंशीचे बत्तीस हजार झाले. बहिणीनं तेही जास्तच म्हटलं.

तोवर भाड्याच्या सामानावर उतरायचं, तर बोटीवर दोन मिनिटं काढून त्यानं काय बघावं, ते मी त्याला धक्क्यावरच करून दाखवलं. डबीचा तोंडात धरायचा रबरी भाग हलक्या हातानं ओढायचा. त्याची पट्टी सैल असेल तर तो पाण्याखाली दातातच राहतो आणि डबी निघून जाते. नळी टोकाशी वाकवून भेगा बघायच्या. टाकी उघडल्यावर कान लावून गळतीचा आवाज ऐकायचा. जोडीदारासाठीच्या दुसऱ्या डबीतूनही श्वास घेऊन बघायचा, कारण ती सहसा कुणी तपासत नाही. आणि शेवटी गेजवर नजर ठेवून चार मोठे श्वास घ्यायचे. दर श्वासाला काटा खाली झुकून परत वर येत असेल, तर टाकीचा व्हॉल्व्ह अर्धवटच उघडलेला आहे. वर असताना तेवढी हवा पुरते, खाली पुरत नाही. बोट कितीही घाईत असो, तो पूर्ण उघडून घेतल्याशिवाय पाय पाण्यात घालायचा नाही.